रक्त आमचे, विभाग कुणाचा?
विद्यापीठांनी जैववैद्यकीय माहितीशास्त्राचे विभाग जरूर काढावेत. विदर्भात सिकलसेलचा मोठा भार दलित-आदिवासींवर आहे. संगणकात जाणाऱ्या नोंदी आमच्याच असणार. पण निष्कर्ष काढणारे कोण? अमेरिकेत एक सॉफ्टवेअर उपचारखर्चावरून आजार मोजत होते. काळ्या रुग्णांवर खर्चच कमी व्हायचा, म्हणून ते कमी आजारी ठरले! २०१९ मध्ये हे उघड झाले. अशी चूक भोगणाऱ्याला आधी दिसते. तो विभागात हवा ना?

नव्या विभागात पदे चार-पाच. २०१८ मध्ये यूजीसीने विभाग हेच एकक धरायला सांगितले, तेव्हा अनुसूचित जातीला थेट सातवे पद येत होते. देशभर आंदोलन झाले, मग २०१९ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांत अख्खी संस्था एकक ठरली. आता पळवाट कंत्राटी नेमणुकांची. म्हणून जाहिरात निघताच आम्ही आधी रोस्टर मागणार आहोत.