कॅमेरा तेव्हा कुठे होता?

शुभ शुक्रवारी आमच्या धर्मग्रामांतून प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य होते, तेव्हा क्रुसावर चढणारा तरुण कोण आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. तो शेजारच्या आळीतला असतो. त्याची दाढी चिकटवलेली असते, पाठीवरचे वळ रंगाचे असतात आणि रोमन शिपायाच्या शिरस्त्राणाचा पुठ्ठा एका बाजूने उसवलेला दिसतो. तरीही बायामाणसांचे डोळे भरून येतात, आणि त्या अश्रूंत कोणाचीही फसवणूक झालेली नसते. दाखवणारा आणि पाहणारा यांच्यात एक न बोललेला करार असतो : घडून गेलेली गोष्ट आपण स्मरणासाठी पुन्हा उभी करीत आहोत. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेचो गावी गवताची गव्हाण मांडून, बैल आणि गाढव उभे करून नाताळची रात्र साजरी केली, तेव्हाही हाच करार होता. म्हणून आरंभीच सांगतो की, भूतकाळ अभिनयाने उभा करण्याला आमचा विरोध नाही. ती रीत आमच्या घरातलीच आहे.

आमचे भांडण आहे ते हा करार गुपचूप मोडणाऱ्या माहितीपटांशी. संध्याकाळी कुटुंब दूरदर्शन संचासमोर बसते. पडद्यावर इतिहासाचा माहितीपट चालू असतो. निवेदकाचा आवाज गंभीर, पार्श्वसंगीत धीरगंभीर. आधी एक खरे जुने छायाचित्र येते, मग खरे जुने चित्रण. आणि त्याला लागूनच, तशाच करड्या रंगात, तसेच ओरखडे पाडलेले, कालपरवा भाडोत्री नट घेऊन काढलेले दृश्य येते. सांधा कुठे आहे हे कळू नये याचीच सारी खटपट. घरातले एखादे पोर विचारते, ‘‘पण तेव्हा कॅमेरा कुठे होता?’’ मोठी माणसे त्याला गप्प बसवतात. आमच्या मते त्या घरात त्या क्षणी शहाणपणाचा प्रश्न एकट्या त्या पोरानेच विचारलेला असतो.

हा रोग आजचा नाही. माहितीपटाचा आद्य नमुना म्हणून ज्याचा गौरव होतो, तो रॉबर्ट फ्लाहर्टीचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ १९२२ साली पडद्यावर आला. कॅनडाच्या हिममय उत्तरेतील एका इनुइट शिकाऱ्याच्या कुटुंबाचे ते चित्रण. नायकाचे खरे नाव नॅनूक नव्हते. ते होते अल्लाकारिआल्लाक. पडद्यावर त्याची पत्नी म्हणून वावरणारी स्त्री त्याची पत्नी नव्हती. ज्या बर्फाच्या घरात हे कुटुंब झोपते आणि जागे होते, त्याचा अर्धा घुमट कापलेला होता, कारण आत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड नव्हता. त्या काळी इनुइट शिकारी बंदुका वापरीत होते. परंतु पडद्यासाठी त्यांच्या हाती वाडवडिलांचे भाले देण्यात आले.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. तपशील बदलला तरी आतले सत्य टिकते, कलावंताला तेवढी मोकळीक हवी, असे म्हणतात. आम्ही विचारतो, सत्य कोणाचे? १९२० च्या सुमारास बंदूक बाळगणारा, केसाळ कातड्यांचा व्यापार करणारा, चित्रीकरणाच्या कामात फ्लाहर्टीला हातभार लावणारा इनुइट माणूस हेच त्या काळचे सत्य होते. त्याचा वर्तमानकाळ काढून घेऊन त्याला आजोबांच्या काळात नेऊन बसवले. पुढे जगाने त्या लोकांना जे ओळखले ते याच रूपात. स्वतःचे नावसुद्धा पडद्यावर न लाभलेल्या माणसाला त्या मोकळीकीची किंमत मोजावी लागली; कलावंताचे नाव मात्र इतिहासात राहिले.

हाच फ्लाहर्टी पुढे आयर्लंडच्या पश्चिमेकडील अरान बेटांवर गेला. १९३४ च्या ‘मॅन ऑफ अरान’मध्ये तिथले कोळी लहान होडीतून अजस्र शार्क माशाची शिकार करताना दिसतात. ही शिकार त्या बेटांवर कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती. ती बेटकऱ्यांना नव्याने शिकवावी लागली, आणि खवळलेल्या समुद्रात खऱ्या माणसांनी खरा जीव धोक्यात घातला. आई, वडील आणि मुलगा म्हणून दाखवलेली तिघे एका घरची नव्हती. समुद्रकाठच्या आमच्या वाचकांना आम्ही एवढेच विचारतो : उद्या कोणी येऊन आपल्या गावात आजोबांच्याही आधी मोडलेली रीत आपल्याकडून करवून घेतली आणि ‘हे लोक असे जगतात’ म्हणून जगाला दाखवली, तर आपण तिला कला म्हणू काय?

दुसरे समर्थन अधिक अवघड आहे, कारण ते सद्हेतूच्या आडून येते. अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात १९६३ च्या मे महिन्यात हजारो कृष्णवर्णीय मुले वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर पाण्याचे प्रचंड फवारे सोडले गेले, कुत्रे सोडले गेले. हे सारे त्या वेळीच चित्रित झाले आणि त्या चित्रांनी अमेरिकेची झोप उडवली. या मोर्चावरील ‘मायटी टाइम्स : द चिल्ड्रन्स मार्च’ या लघु माहितीपटाला २००५ साली ऑस्कर मिळाले. त्यानंतर आक्षेप पुढे आला की, जुन्या चित्रणात नव्याने उभे केलेले प्रसंग मिसळले आहेत आणि प्रेक्षकाला ते वेगळे ओळखता येत नाहीत. मोर्चा खरा, अन्याय खरा, मुलांचे धैर्य खरे. मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील.

बिघडले ते इथे. ज्यांना तो अन्याय नाकारायचा आहे, त्यांच्या हाती आपणहोऊन कोलीत दिले गेले. एक दृश्य बनावट निघाले की शेजारचे खरे दृश्यही संशयित ठरते. फवाऱ्याच्या माऱ्याने भिंतीशी ढकलल्या गेलेल्या त्या खऱ्या मुलाची साक्ष दुबळी होते, आणि ती त्याच्या कैवाऱ्यांनीच दुबळी केलेली असते. न्यायालयात नऊ खऱ्या साक्षीदारांबरोबर एक पढवलेला साक्षीदार उभा करणारा वकील आपल्याच अशिलाचा घात करतो. ‘खोटी साक्ष देऊ नको’ या आज्ञेला चांगल्या हेतूचा अपवाद जोडलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावलीत सारे लिहिलेले असते. ते पुरेसे नाही. सर्गेई आयझेनस्टाइनने रशियन क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनानिमित्त ‘ऑक्टोबर’ हा चित्रपट केला. तो १९२८ साली प्रदर्शित झाला. त्यात हिवाळी राजवाड्यावर चाल करून जाणारा जनसागर दिसतो. १९१७ सालची प्रत्यक्ष घटना त्या मानाने फारच लहान होती, आणि त्या चढाईचे चित्रण कोणीही केलेले नव्हते. पुढे त्या चित्रपटातील दृश्ये सुटी काढून क्रांतीचे अस्सल चित्रण म्हणून वापरली गेली. नाटक म्हणून जन्मलेले दृश्य कालांतराने पुरावा होऊन बसले. श्रेयनामावली मागे राहते आणि दृश्य एकटेच जगभर फिरते. म्हणून ओळखीची खूण दृश्याच्या अंगावरच हवी.

अशी खूण केली तर कलेचा गळा घोटला जातो, ही भीती खरी नाही. पीटर वॉटकिन्सने १९६४ साली बीबीसीसाठी ‘कलॉडन’ केला. स्कॉटलंडमधील ती लढाई १७४६ सालची. पण वॉटकिन्सने रणांगणावर चक्क दूरदर्शनचा वार्ताहर नेला, आणि चिखलात उभे असलेले उपाशी सैनिक कॅमेऱ्याकडे पाहून त्याच्या प्रश्नांना उत्तरे देतात. अठराव्या शतकात कॅमेरा नव्हता हे लहान मूलही जाणते. म्हणून कोणी फसत नाही, आणि तरीही सैनिकांची दैना काळजाला भिडते. आमच्या पोराच्या प्रश्नाला हा चित्रपट उघडपणे उत्तर देतो.

एरॉल मॉरिसच्या ‘द थिन ब्ल्यू लाइन’ने तर १९८८ साली याच साधनाने एका निरपराध माणसाची बाजू जगापुढे आणली. १९७६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात एका पोलिसाची हत्या झाली आणि रँडल डेल ॲडम्स याला देहदंड सुनावण्यात आला. पुढे ती शिक्षा जन्मठेपेवर आली. मॉरिसने त्या रात्रीचा प्रसंग नटांकरवी पुन्हा पुन्हा उभा केला, परंतु दर वेळी वेगळा : या साक्षीनुसार असा, त्या साक्षीनुसार तसा. सोबतची महिला पोलीस गाडीबाहेर उभी होती की आतच बसली होती, हेसुद्धा प्रसंगागणिक बदलते. ‘असे घडले’ असे तो चित्रपट त्या दृश्यांतून म्हणत नाही. ‘अमुक माणूस असे सांगतो’ इतकेच म्हणतो. साक्षी एकमेकींशेजारी ठेवल्यावर त्यांतले छिद्र दिसू लागले. १९८९ साली ॲडम्सची मुक्तता झाली.

हे सारे आज सांगण्याचे कारण वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. आपल्याकडील गुन्हेविषयक कार्यक्रमांत कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘नाट्यरूपांतर’ असे कधी दिसते, कधी दिसत नाही. आता तर नटांचीही गरज उरलेली नाही. संगणकाला चार ओळी सांगितल्या की कधीही न घडलेल्या घटनेचे जुनाट, ओरखडे पडलेले चित्रण तो तयार करून देतो. उद्या आपल्या मुलांना आपला इतिहास कोणी असा दाखवील, आणि खरे कोणते हे सांगणारे आजी-आजोबा तोवर नसतील.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. उभा केलेला प्रसंग पडद्यावर असेपर्यंत तसे ठळक मराठीत लिहिलेले असावे. तो कोणाच्या सांगण्यावरून उभा केला हे निवेदनात यावे. नव्या चित्रणाला ओरखडे पाडून म्हातारे करण्याचा उद्योग बंद व्हावा. आणि ज्यांचे जीवन दाखवले, त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने, त्यांच्या खऱ्या काळात उभे राहू द्यावे. वाहिन्यांना पत्रे लिहा. आपल्या शाळांतून असे माहितीपट दाखवणाऱ्या शिक्षकांना विचारा. आणि घरात कोणी पोर ‘कॅमेरा कुठे होता?’ असे म्हणाले, तर त्याला गप्प करू नका. आवाज थोडा कमी करा आणि त्याच्याबरोबर तो सांधा शोधा.

दुःखसहनाच्या नाट्यातला तो शेजारचा तरुण ईस्टरच्या सकाळी मिस्सेला आपल्या शेजारच्याच बाकावर बसतो. त्याच्या हनुवटीवर डिंकाचा डाग अजून दिसत असतो, आणि तो पुसून टाकण्याची त्याला घाई नसते.