कॅशकाय, कसं काय?

दोस्तांनो, वार्षिक परीक्षा म्हटलं की पोटात गोळा येतो ना? मग आज अशा एका परीक्षार्थीला भेटू या, ज्याचं प्रगतिपुस्तक शेजारीपाजारी सोडाच, कुणीही उघडून वाचू शकतं! हा परीक्षार्थी म्हणजे ब्रिटनमधली मोटारगाडी.

तिथे गाडी तीन वर्षांची झाली की तिला दर वर्षी परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेचं नाव ‘एमओटी’. ही अक्षरं ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ची, म्हणजे वाहतूक मंत्रालयाची. त्या नावाचं मंत्रालय आता राहिलं नाही, पण परीक्षेला ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सुरुवात झाली 1960 साली. तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासत. पण इतक्या गाड्या नापास होऊ लागल्या, की वयाची अट आधी सात वर्षांवर आणि 1967 साली तीन वर्षांवर आणली गेली.

आता एक गाडी निवडू. इंग्लंडच्या संडरलँड शहरात बनणारी निसानची ‘कॅशकाय’ घ्या. 2007 साली बाजारात आलेली ही छोटी एसयूव्ही तिथल्या रस्त्यांवर पावलोपावली दिसते. नाव आलंय इराणमधल्या कश्काई या भटक्या जमातीवरून. आपल्या कानाला मात्र ती ‘कसं काय?’ असंच विचारतेय असं वाटतं, नाही का?

समजा, तुम्हाला अशी दहा वर्षांची जुनी गाडी घ्यायची आहे. ती परीक्षेत कशात अडखळेल? इंजिनात? चूक! एमओटीमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था तपासतच नाहीत. धूर तेवढा मोजतात. परीक्षेचा सगळा भर असतो तो गाडी कुणाच्या जिवावर उठणार नाही ना, यावर. आणि नापास होण्याची नेहमीची कारणं चार: दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर.

दिव्यांचं नाव वाचून हसू आलं ना? एक बल्ब तो काय! पण जरा विचार करा. गाडी चालवणाऱ्याला स्वतःचा ब्रेकलाइट दिसतो का? कधीच नाही. तो गेलाय हे फक्त मागून येणाऱ्याला कळतं, तेही उशिरा.

सस्पेन्शनची गोष्ट आणखी मजेची. हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारट पाणी चाकाजवळच्या स्प्रिंगवर उडतं. रंगाचा टवका उडालेल्या जागी गंज धरतो. मग एक दिवस खड्डा येतो आणि स्प्रिंगचं टोक मोडतं. एसयूव्ही उंच आणि वजनदार, म्हणून स्प्रिंग, रबरी बुश आणि टायर यांच्यावर भारही जास्त. पण झीज इतकी हळूहळू होते, की रोज चालवणाऱ्याला त्या खडखडाटाची सवयच होऊन जाते.

टायरच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचा म्हणजे पाण्याला वाट काढून देणारी गटारंच. ती बुजली, की पावसात टायर रस्त्याऐवजी पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक कितीही दाबा, गाडी आपली पुढेच!

सापडलेल्या दोषांचे 2018 सालापासून तीन वर्ग केले आहेत: घातक, मोठा आणि किरकोळ. पहिल्या दोन्हींत गाडी नापास. घातक दोष असेल, तर दुरुस्तीशिवाय ती चालवायचीच नाही. याशिवाय पास झालेल्या गाडीलाही परीक्षक शेरा देतो, ‘लक्ष ठेवा’ असा. आपल्या बाई प्रगतिपुस्तकात ‘अक्षर सुधारावे’ लिहितात ना, तसाच!

गाडीचा नंबर घातला, की 2005 नंतरचे हे निकाल सरकारी संकेतस्थळावर वाचता येतात. तर आता एक कोडं. समजा, दोन जुन्या गाड्या विकायला आहेत. ‘अ’ गाडी गेल्या वर्षी ब्रेकलाइटच्या बल्बमुळे नापास झाली, त्याच दिवशी बल्ब बदलून पास झाली. ‘ब’ गाडी एकदाही नापास नाही. पण लागोपाठ तीन वर्षं एकच शेरा आहे, ‘पुढची स्प्रिंग गंजलेली’. शिवाय दोन वर्षांपूर्वी मीटरवर 52,000 मैल होते आणि गेल्या वर्षी 41,000! सांगा पाहू, कुठली घ्याल?

बरोबर, ‘अ’! ‘ब’च्या मालकाने शेऱ्याकडे काणाडोळा केला, आणि मीटर मागे फिरवल्याचाही संशय येतो. म्हणजे नुसतं पास-नापास बघून भागत नाही, आतलं वाचावं लागतं. ‘अमुक मॉडेल जास्त नापास होतं’ असे आकडे वाचतानाही हेच लक्षात ठेवा. त्या गाड्या किती जुन्या, किती मैल पळालेल्या, मालकांनी परीक्षेआधी गॅरेजला नेलेल्या की नाही, हे कळल्याशिवाय त्या मॉडेलला ‘ढ’ ठरवू नका.

आणि पास झालेली गाडी? तिचा दाखला सांगतो तो त्या दिवसापुरता. दुसऱ्याच दिवशी बल्ब गेला, तर कागदाचा काय उपयोग?

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. फिटनेस तपासणीची पाळी येते ती त्यानंतर, नूतनीकरणाच्या वेळी. मधे होते ती पीयूसी, आणि तिच्यात मोजतात फक्त धूर. मग मधल्या वर्षांत ब्रेकलाइट कोण बघणार? तुम्ही!

तर या रविवारी एवढं करा. गाडी बंद असू दे. मोठ्यांना आत बसवून दिवे लावायला आणि ब्रेक दाबायला सांगा. तुम्ही बाजूला उभं राहून प्रत्येक दिवा पाहा. मग टायरच्या खाचांत डोकवा. तळाशी छोटे आडवे उंचवटे दिसतील. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली असेल, तर टायर बदलायची वेळ झाली. गाडी नसेल तर स्कूटर तपासा. तीही नसेल, तर आपल्या सायकलचे ब्रेक आहेतच की!

जे सापडेल ते वहीत तारखेसह लिहा आणि घरच्यांना दाखवा. मागून सायकलवर येणाऱ्या एखाद्या मुलासाठी तो एक बल्ब फार मोलाचा असतो. तेव्हा अधूनमधून गाडीला आपणहून विचारत जा: काय गं, कसं काय?