फायनल, फायनल-२, खरंच फायनल

बालमित्रांनो, घरच्या संगणकावर तुमच्या एखाद्या प्रोजेक्टचा फोल्डर उघडून बघा बरं. ‘प्रश्नमंजूषा’, ‘प्रश्नमंजूषा नवीन’, ‘प्रश्नमंजूषा फायनल’, ‘फायनल-२’ आणि सगळ्यांत शेवटी ‘खरंच फायनल’, अशी वरात दिसते की नाही? यातली चालणारी कुठली नि अर्धवट कुठली, हे महिन्याभराने ती फाईल करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मोठ्या कंपन्यांत शंभर-शंभर जण मिळून एकच प्रोग्रॅम लिहितात. तिथे कोणी, कधी, काय आणि का बदललं याची नोंद ठेवणारी पद्धत लागतेच. तिला म्हणतात ‘व्हर्जन कंट्रोल’. तुम्ही म्हणाल, “ते कंपन्यांचं झालं. मी घरी एकटीच पायथॉनमध्ये खेळ लिहिते. माझ्या फाईलला दुसरं कोणी हातसुद्धा लावत नाही. मला काय त्याचं?” प्रश्न रास्त आहे. गृहपाठाच्या दहा ओळींच्या प्रोग्रॅमला हे लोढणं नकोच. पण खेळ दोन-तीन महिने चालणार असेल, तर एकट्याला या नोंदवहीची जास्तच गरज असते. चारजण असले की “अरे, ही ओळ का घातली होती?” असं विचारायला कोणीतरी असतं. एकट्याने कोणाला विचारायचं?

ही कल्पना काही कालची नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये असा एक प्रोग्रॅम लिहिला होता. आज सगळ्यांत जास्त चालतो तो ‘गिट’, आणि तो फुकट मिळतो. त्याची जन्मकथा मजेदार आहे. लिनक्स बनवणाऱ्या मंडळींना एका कंपनीचा ‘बिटकीपर’ फुकट वापरायला मिळत होता. २००५ मध्ये ती सवलत गेली. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि काही दिवसांतच, ७ एप्रिल २००५ रोजी, गिटची पहिली नोंद खुद्द गिटमध्येच झाली! ती नोंद टोरवाल्ड्स यांनी एकट्यानेच केलेली, बरं का.

आता हे चालतं कसं? संगणकाच्या त्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, आपल्या फोल्डरात जाऊन एकदाच ‘गिट इनिट’ ही आज्ञा द्यायची. फोल्डरात एक लपलेली नोंदवही तयार होते. मग एक छोटं काम पुरं झालं की ‘गिट ॲड’ आणि ‘गिट कमिट’. कमिट करताना एक ओळ लिहायची. त्या क्षणी फाईली जशा असतील तशा नोंदवहीत जपल्या जातात. ‘गिट लॉग’ म्हटलं की सगळी यादी समोर येते आणि ‘गिट डिफ’ म्हटलं की कुठली ओळ गेली नि कुठली आली ते दिसतं.

खरी मेख आहे ती त्या एका ओळीत. ‘बदल केले’ असं लिहिलंत तर ते न लिहिल्यासारखंच. त्याऐवजी लिहा, ‘वेळ १० सेकंदांवरून १५ केली, कारण दादूला प्रश्न वाचायला वेळ लागतो’. दोन महिन्यांनी तो १५ चा आकडा बघून “हे कशाला?” म्हणत तुम्ही तो पुन्हा १० करायला जाल, तेव्हा ही ओळ तुमचा हात धरील. ‘फायनल-२’ हे नाव एवढं सांगू शकेल का?

अशी नोंद ठेवण्यात डोनाल्ड क्नूथ यांचा हात कोणी धरू शकणार नाही. गणिताची पुस्तकं सुबक छापता यावीत म्हणून या अमेरिकन प्राध्यापकांनी ‘टेक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. १९७८ पासून त्यातली प्रत्येक चूक आणि प्रत्येक बदल ते टिपून ठेवत गेले. ती चूक कुठल्या जातीची, हेसुद्धा लिहिलं. आठशेहून जास्त नोंदींची ही यादी त्यांनी १९८९ मध्ये चक्क छापून टाकली! टेकच्या आवृत्त्यांचे क्रमांकही गमतीचे आहेत. दर सुधारणेला ‘पाय’चा एकेक अंक वाढतो. २०२१ ची आवृत्ती आहे ३.१४१५९२६५३.

नोंदवही जवळ असली की मोडतोड करायची भीती उरत नाही. नवी कल्पना सुचली? एक ‘फांदी’ काढा, तिच्यावर हवा तो गोंधळ घाला. पटलं तर मूळ खोडाला जोडा, नाहीतर सोडून द्या.

समजा, खेळ परवापर्यंत चालत होता आणि आज गुणच मोजत नाही. शंभर नोंदी झाल्यात. बिघाड कुठल्या नोंदीत शिरला? एकेक तपासत बसू नका. पन्नासावी बघा. ती ठीक असेल तर चूक पुढच्या निम्म्यात, नाहीतर मागच्या. असं निम्मं-निम्मं करत गेलात की सात तपासण्यांत चोर सापडतो. मनातली संख्या ओळखायचा खेळ खेळता ना, तोच हा! गिटमध्ये याला ‘बायसेक्ट’ म्हणतात. अर्थात नोंदी छोट्या-छोट्या हव्यात. आठवड्याचं काम एकाच नोंदीत कोंबलंत, तर चोर सापडूनही घर सापडत नाही.

आईबाबांसाठी दोन गोष्टी. ही नोंदवही त्याच डिस्कवर असते. डिस्क बिघडली तर दोन्ही जातील. म्हणून आठवड्याला एक प्रत पेनड्राईव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर ठेवायला सांगा. दुसरं म्हणजे गिट सहसा काही विसरत नाही. प्रोग्रॅममध्ये पासवर्ड किंवा घरचा पत्ता लिहून नंतर पुसला, तरी जुन्या नोंदीत तो तसाच राहतो. फोल्डर इंटरनेटवर ठेवण्याआधी हे मुलांबरोबर बसून बघा.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी कोडं : शंभर नोंदींना सात तपासण्या लागल्या, तर एक लाख नोंदींना जास्तीत जास्त किती? कॅल्क्युलेटर न घेता काढा. उत्तर पुढच्या अंकात.