गुरुवारची किल्ली

दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी शाळेतली पाचवी ‘ब’ची खोली उघडतो. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे बाहेर काढून तिरकी बसतात. कुणी रिक्षा चालवतं, कुणी बँकेतून निवृत्त झालंय, कुणाला बायकोचं मंगळसूत्र अजून सोडवून आणायचंय. फळ्यावर दुपारचा लसावि तसाच असतो. एकेक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, “मी मद्यपी आहे. आज प्यायलेलो नाही.” शेवटी एक डबा फिरतो. त्यात पडलेल्या दहा-वीसच्या नोटांतून खोलीचं भाडं आणि चहा निघतो. मी त्यांच्यातला नाही. सर्वांना खुली मीटिंग असेल तेव्हा मागच्या बाकावर बसतो, एवढंच. माझ्याकडे फक्त किल्ली असते.

ती किल्ली शाळेनं पुढच्या महिन्यात परत मागितली आहे. खोली शिकवणीच्या क्लासला द्यायची आहे, ते भाडं जास्त देतात. शिवाय काही पालकांनी तक्रार केली, “शाळेत बेवडे येतात.” तक्रार अगदीच खोटी नाही. कधीतरी एखादा पिऊनही येतो. त्याला कुणी हाकलत नाही, मागे गप्प बसवतात. बहुतेक वेळा तो पुढच्या गुरुवारी न पिता येतो. अशी जागा गावात दुसरी कुठे आहे, ते मला कुणी दाखवावं. म्हणून हे लिहितो आहे.

लोकांना वाटतं, दारू सोडणं म्हणजे मनाचा हिय्या. मेंदूत काय घडतं ते पाहिलं, तर हिय्या किती अपुरा पडतो ते कळतं. ‘हे हवंय, पुन्हा कर’ असं शिकवण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. भुकेल्या पोटी भाकरी मिळाली, लेक गळ्यात पडली, की ते थोडं पाझरतं. नशा ते इतकं उसळवते की मेंदू जणू कानांवर हात ठेवतो आणि डोपामिन टिपणाऱ्या जागा कमी होतात. मग भाकरीला चव राहत नाही आणि नशेलाही पहिल्यासारखी मजा उरत नाही. दारूचं आणखी एक आहे. ती मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेला बळ देते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. मेंदू वर्षानुवर्षं उलट बाजूनं जोर लावून तोल राखतो. रस्सीखेचीत समोरच्यानं अचानक दोर सोडला की आपण उताणे पडतो, तसं दारू एकदम थांबल्यावर होतं. हात थरथरतात, भास होतात, फिट येते. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी दारू तोडली तर ते जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरच हवा, औषधं हवीत, बी-१ जीवनसत्त्व हवं. काढा आणि प्राणायाम यांची ती वेळ नव्हे.

हे वादळ साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत शमतं. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमका तिथून अवघड रस्ता सुरू होतो. मेथॅम्फेटामिन या दुसऱ्या एका नशेच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूंची चित्रं अमेरिकेतल्या नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी काढली, त्याचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. नशेपासून बारा ते सतरा महिने दूर राहिलेल्यांमध्ये डोपामिन परत शोषून घेणारी प्रथिनं बरीच सावरलेली दिसली, पण स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा नव्हती. ते मोजमाप दारूचं नव्हतं, तरी त्यातून उमजायचं ते उमजतं. मेंदू सावरतो, पण त्याच्या सवडीनं. उपचाराचे दिवस संपतात तेव्हा मेंदूचे दिवस संपलेले नसतात. मधल्या काळात हा माणूस संध्याकाळी कुठे बसणार?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यातल्या तरुणांवर अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र घडवलं. तिथले उपचार पस्तीस दिवसांचे. औषधांच्या बरोबरीनं गटचर्चा, समुपदेशन, योग, संगीत. पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट. आणि गावोगावी पाठपुरावा केंद्रं, कारण दाखल होणं ही फक्त सुरुवात असते हे त्यांनी ओळखलं होतं. ‘समग्र उपचार’ हा शब्द आज जाहिरातीत गुळगुळीत झाला आहे. त्याचा साधा अर्थ असा, की शरीर, मन, घर, रोजगार आणि सोबत यांतलं काहीही वाऱ्यावर सोडायचं नाही.

सोबतीचं मोल समजायला व्हिएतनाम युद्धाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी पाचात जवळजवळ एक जण हेरॉइन-अफूच्या आहारी गेला होता. सरकार हादरलं. ली रॉबिन्स या संशोधिकेनं मायदेशी परतलेल्यांचा मागोवा घेतला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा आहारी गेलेले जेमतेम पाच टक्के निघाले. नशेची जागा, संगत, भीती, सगळं समुद्रापलीकडे राहिलं होतं. आपल्या माणसाच्या नशिबी हे नाही. तो केंद्रातून सुटून त्याच एसटीनं, त्याच फाट्यावर उतरतो. समोर तोच बार, बाहेर तीच दोस्तमंडळी, “एकच घे रे, काय होतंय!” त्याचं गाव बदलता येत नाही. त्या गावात आठवड्याचे दीड तास बदलता येतात.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होतं. माळ घातलेला वारकरी दारूला शिवत नाही, असा आपल्याकडे रिवाज. पण माळ एकट्यानं पेलत नसते. तिच्यामागे एकादशी असते, भजन असतं, दिंडीत शेजारी चालणारा असतो. देवळात घेतलेली शपथ पंधरा दिवसांत मोडते, कारण तिच्यामागे दिंडी नसते. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, भेटले आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली, जिची मीटिंग दर गुरुवारी या खोलीत भरते. त्यांनाही हेच सापडलं होतं. दुसऱ्याला सांभाळताना आपण सांभाळले जातो. आणि ही केवळ श्रद्धा नाही. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. सलग न पिता राहण्याच्या बाबतीत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या वाटेकडे नेणारे सुसूत्र उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

आता आपली स्थिती पाहा. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं, आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. उरलेल्यांसाठी काय आहे? एसटी स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात, ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’. त्या पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि माणूस वर दारू प्यायला, तर प्रसंग जिवावर येऊ शकतो. मायबहिणींनो, नवऱ्याच्या आमटीत गुपचूप काही मिसळू नका.

आपल्या राज्यात बायकांनी मतदान करून गावातली बाटली आडवी केली आहे, म्हणजे दारूदुकानं बंद पाडली आहेत. त्याचा अभिमान आहेच. पण बाटली आडवी झाल्यावर आडव्या पडलेल्या माणसाला उभं कोण करणार? ते काम मतपेटीत होत नाही, अशा खोलीत होतं.

म्हणून मागणं मागतो. पैसे नकोत. ही गुरुवारची मंडळी बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत, तो त्यांचा नेम आहे. शाळा, वाचनालयं, समाजमंदिरं, गणेश मंडळं, सोसायट्यांची सभागृहं, यांनी आठवड्यातून दीड तास एक खोली परवडेल त्या भाड्यात द्यावी आणि बाहेर पाटी लावायचा आग्रह धरू नये. उपचार केंद्रांनी आणि दवाखान्यांनी डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या खाली जवळच्या मीटिंगचा वार आणि पत्ता लिहावा. कारखानदारांनी, दुकानमालकांनी परत आलेल्या माणसाला कामावर घ्यावं आणि मीटिंगच्या संध्याकाळी वेळेवर सोडावं. घरच्यांनी त्याला रात्री उपाशी, चिडलेला, एकटा, थकलेला राहू देऊ नये. पुन्हा घसरला तर ‘मी म्हटलंच होतं’ म्हणू नये, पुढच्या मीटिंगला सोबत जावं. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

आमच्या शाळा समितीची बैठक या महिनाअखेरीला आहे. मी तिथे किल्ली टेबलावर ठेवणार आहे आणि एकच विनंती करणार आहे. ज्या पालकांची तक्रार आहे, त्यांनी एका खुल्या गुरुवारी मागच्या बाकावर येऊन बसावं. तुमच्याही गावात अशी एखादी खोली असेल, कुणीतरी तिची किल्ली परत मागत असेल. नसेल, तर एक किल्ली तुमच्या खिशात असेल. ती कोणत्या कुलपाची आहे, एवढं बघा.

गेल्या गुरुवारी रिक्षावाल्याला एक वर्ष झालं. पेढे वाटले. एक पेढा त्यानं कागदात बांधून खिशात ठेवला, लेकीसाठी. ती याच शाळेत पाचवी ‘ब’मध्ये आहे. तिला माहीत नाही, गुरुवारी तिच्या बाकावर कोण बसतं.