आधी खोली, मग माईक

या वर्षी शाळेतल्या चार-पाच पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. कोणी गॅदरिंगच्या तालमीत विचारला, कोणी राजवाड्यासमोर पोहे खाताना. "काका, मुलीला गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं आहे, माईक कोणता घेऊ? दुकानदार कंडेन्सर घ्या म्हणतो." मी इतकी वर्षे गणेशोत्सवात आणि शाळेच्या कार्यक्रमांत माईक लावत आलो आहे, म्हणून लोक विचारतात. प्रत्येकाला उभ्या-उभ्या उत्तर देण्यापेक्षा पत्रिकेत लिहावे, असे संपादकांनी सुचवले. पण माझे उत्तर दुकानदाराच्या उत्तरापेक्षा वेगळे आहे, आणि काही पालकांना ते पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या पुतणीची गोष्ट सांगतो. ती नववीत आहे, गिटार वाजवते आणि बरे गाते. एका आंतरशालेय स्पर्धेची पहिली फेरी घरून रेकॉर्डिंग पाठवून होती. 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हापासून ही पद्धत पडली आहे आणि आयोजकांना ती सोयीची वाटते. माझ्या भावाने आठ-नऊ हजारांचा कंडेन्सर माईक आणला, वर तेवढ्याच किमतीचा त्याला जोडायचा डबा आणला, आणि हॉलमध्ये मधोमध स्टँडवर उभा केला. आमचे घर कृष्णपुऱ्याच्या पुलाच्या अलीकडे, खाली बाजार. हॉलला संगमरवरी फरशी, भिंती गुळगुळीत, पडदे नावापुरते. रेकॉर्डिंग ऐकले तर त्यात पुतणी कमी आणि कृष्णपुरा जास्त! हॉर्न, शटर, शेजारचा कुकर, पंखा, आणि या सगळ्यात विहिरीतून आल्यासारखा तिचा आवाज. पोरगी पहिल्या फेरीत बाद झाली. त्याचे वाईट वाटले नाही इतके तिच्या पुढच्या वाक्याचे वाटले. म्हणाली, "काका, माझा आवाजच असा आहे, मला आत्ता कळलं." दोन महिने तिने गिटार खोक्यातून काढली नाही.

तिचा आवाज तसा नाही. तशी आमची खोली आहे. एवढ्यासाठीच हा लेख.

आता थोडे शास्त्र, आठवी-नववीच्या मुलांना कळेल इतकेच. डायनॅमिक माईकमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. हलले की वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोचेच तत्त्व. गणपतीच्या मांडवात आपण ज्या आहुजाच्या माईकवर आरती म्हणतो तो याच जातीचा. कंडेन्सरमध्ये वेटोळे नसते. दोन पातळ पत्रे समोरासमोर असतात, त्यांतला एक आवाजाने थरथरतो आणि त्यांच्यातले अंतर बदलले की विद्युतदाब बदलतो. त्याला बाहेरून वीज द्यावी लागते, बहुधा 48 व्होल्ट. त्याचा पडदा हलका असल्यामुळे तो बारीक आवाज टिपतो आणि तारेची चमकही जास्त दाखवतो. परवडणाऱ्यांतला नेहमीचा कंडेन्सर म्हणजे ऑडिओ-टेक्निका एटी 2020. तो तितक्याच आवाजाला शुअर एसएम 58 या डायनॅमिकच्या साधारण सातपट विद्युतदाब देतो.

म्हणून लोक म्हणतात की कंडेन्सर खोलीचा गोंगाट ओढतो. हे अर्धेच खरे आहे. सातपट होतो तो गोंगाट, आणि सातपट होतो तो गळाही. दोघांचे एकमेकांशी प्रमाण ठरते अंतरावर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाजाचा दाब निम्मा होतो, पण रस्त्यावरचा हॉर्न आधीच लांब आहे, तो तेवढाच राहतो. माझ्या भावाने माईक दोन हात दूर ठेवला, कारण स्टुडिओच्या फोटोत तसा दिसतो. स्टुडिओत भिंती आवाज पिणाऱ्या असतात, आपल्याकडे संगमरवर असतो. डायनॅमिक माईक मुलांच्या हाती दिला की ती आपोआप तो तोंडाजवळ धरतात, चार बोटांवर. त्याचा खरा फायदा हा आहे. शिवाय फुंकर आणि जोराची तान तो सहन करतो.

अंतराची किंमत ज्यांनी ओळखली त्यांत आपल्याच गावात जन्मलेल्या लताबाई आहेत. 'महल' हा चित्रपट 1949 चा, संगीत खेमचंद प्रकाश यांचे. त्यातल्या सर्वांच्या तोंडी असलेल्या गाण्याची सुरुवात दुरून जवळ येत गेल्यासारखी वाटते. तेव्हा त्यासाठी यंत्र नव्हते. माईक खोलीच्या मध्ये ठेवला होता आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. माईक एक, पावले त्यांची. मुलांनो, घरी हे करून बघा, फोनवर केले तरी चालेल. एकच ओळ पाच पावलांवरून, दोन पावलांवरून आणि चार बोटांवरून गा. पुस्तकात वाचून कळणार नाही ते पाच मिनिटांत कळेल.

आणि माईकमुळे हळू गाण्यालाही मान मिळाला, हे विसरू नये. संगीत नाटकांच्या सुरुवातीच्या काळात नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. आपल्या इंदूरमध्ये वाढलेले उस्ताद अमीर खाँ मंद्र सप्तकात इतके सावकाश गात, किंवा देवासला राहून कुमार गंधर्व एखादा स्वर अगदी कुजबुजल्यासारखा सोडत, ते मागच्या माणसापर्यंत पोहोचायला माईकची मदत होतीच. तेव्हा लहान आवाजाच्या मुलांनी घाबरू नये. जवळ या, एवढेच.

माझे मत असे. कृष्णपुरा, राजवाडा, सराफा या भागात राहणाऱ्याने गाण्यासाठी पहिला माईक साधा डायनॅमिक घ्यावा. देशी, ओळखीच्या कंपनीचा दोन-तीन हजारांत मिळतो आणि सुरुवातीला तो पुरतो. एसएम 58 घ्यायचा असेल तर जरूर घ्या. 1966 पासून तो बनतो आहे आणि टिकतो. मात्र तो चौथाई किमतीत कोणी देऊ लागला तर नकली समजून उठावे, त्याच्या नकला बाजारात फार आहेत. माईक संगणकाला जोडायला एक डबा लागतो, त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, तो पाच-सहा हजारांपासून मिळतो. रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर फुकट आहे. स्टँड आणि कानाला लावायचे हेडफोन यांत काटकसर करू नका. गाताना स्पीकर चालू ठेवला तर तो पुन्हा माईकमध्ये शिरतो.

गिटारचे मात्र वेगळे आहे आणि इथे मी कंडेन्सरवाल्यांना हार देतो. बोटांनी हळू छेडलेल्या गिटारची चमक डायनॅमिकमध्ये मंद होते. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झची, ती एसएम 58 च्या आवाक्यात आरामात येते, पण वरची झिलई कमी पडते. तरी खोली गोंगाटाची असेल तर मी डायनॅमिकच लावीन. फक्त तो गिटारच्या भोकासमोर लावू नये, तिथे घुमटासारखा आवाज येतो. मान जिथे खोक्याला मिळते, साधारण बाराव्या पडद्याजवळ, तिथे एक वीत अंतरावर लावावा. आणि एकाच माईकवर गळा आणि गिटार दोन्ही एकदम पकडायचा हट्ट नवशिक्याने धरू नये. आधी गिटार, मग ती कानात ऐकत गाणे.

आता खोली, जिच्यावर कोणी एक रुपया खर्च करत नाही. आजीच्या गोधड्या आणि रजया आहेत ना? साड्यांचे कपाट आहे ना? कपाट उघडा, मुलीला कपाटाकडे पाठ करून बसवा, तोंड खिडकीच्या दिशेने, खिडकी बंद. मध्ये माईक. म्हणजे माईकची पाठ बाजाराकडे राहते, आणि या माईकना पाठीमागचे कमी ऐकू येते. माईकला समोर दिसतात ती मुलगी आणि तिच्यामागच्या साड्या, आणि साड्या आवाज परत फेकत नाहीत. पंखा बंद. वेळ निवडताना गंमत होते. रात्री म्हणावे तर सराफ्यातली खाऊगल्ली मध्यरात्रीनंतरही जागी, आणि सकाळी म्हणावे तर कचरागाडी गाणे वाजवत येते. पहाटे पाच ही आपल्या भागातली खरी वेळ. जुन्या लोकांनी रियाझासाठी ती का निवडली असेल, हे मला त्या दिवशी नव्याने कळले.

ज्यांना यातले काहीच घेणे जमणार नाही त्यांनी फोन वापरावा. फोन हातभर अंतरावर, गोधड्यांच्या कोपऱ्यात. संगमरवरी हॉलमधल्या महागड्या माईकपेक्षा हे रेकॉर्डिंग चांगले निघते, मी दोन्ही शेजारी ठेवून ऐकले आहे.

पण हा प्रश्न केवळ घरोघरच्या खरेदीचा नाही, आणि इथे विश्वस्तांना माझे एक मागणे आहे. रेकॉर्डिंग मागवून निवड होते तेव्हा परीक्षक मुलासोबत त्याची खोलीही ऐकतात. मोठ्या, शांत बंगल्यातले मूल आणि दुकानावरच्या दोन खोल्यांतले मूल यांना एकाच तराजूत तोलले जाते. परीक्षकांचा दोष नाही, त्यांना जे ऐकू येते त्यावरच ते ठरवणार. शाळेने दोन डायनॅमिक माईक, दोन स्टँड आणि एक इंटरफेस घ्यावा. ग्रंथालयाच्या पुस्तकांसारखी नोंदवही ठेवून ते घरी द्यावेत. आणि वरच्या मजल्यावरची जुन्या गाद्यांची खोली, जी वर्षभर कुलूप लावून असते, ती शनिवारी सकाळी उघडावी. गाद्या आहेत म्हणजे अर्धे काम झालेलेच आहे. शाळेच्या आतल्या स्पर्धेत तर रेकॉर्डिंग मागवूच नये, मुलांना समोर बसवून ऐकावे.

काही पालक म्हणतील की यापेक्षा संगणक घ्या, प्रयोगशाळेला साहित्य घ्या. मान्य. पण हा खर्च एका गॅदरिंगच्या मांडवापेक्षा कमी आहे, आणि मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो.

पुतणीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. माझा जुना डायनॅमिक माईक, ज्याची जाळी एका बाजूने चेपलेली आहे, तो घेऊन एका रविवारी पहाटे आम्ही तिच्या आईच्या कपाटासमोर बसलो. तिसऱ्या वेळी गाणे जमले. तिने हेडफोन लावून ते ऐकले, पुन्हा लावले, आणि शेवटच्या ओळीत लांबवरची कचरागाडी ऐकू येते म्हणून चौथ्यांदा गायला बसली. तो माईक आता तिच्याकडेच आहे. शाळेची खोली उघडली तर शनिवारी मी येईन, चाव्या कोणाकडे मागायच्या तेवढे कळवावे.