नाडीबरोबर कंबरही पाहावी

मुंबई-पुण्याकडील चाळिशीचा पुरुष आम्लपित्ताची तक्रार घेऊन आपल्या चिकित्सालयात येतो. हातपाय कृश, पोट मात्र सुटलेले. दिवसभर बैठे काम, रात्री जागरण, खिशात तंबाखूची पुडी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वर्णिलेले संतर्पणजन्य व्याधींचे हेतू येथे मूर्तिमंत उभे असतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासानेही धूम्रपान, रक्तातील मेदविकृती, रक्तदाब, मधुमेह, उदरस्थौल्य यांच्याकडेच बोट दाखविले. तरीही आपण वैद्य नाडी पाहतो, अविपत्तिकर चूर्ण देतो आणि मोकळे होतो. रक्तदाबमापक व मोजपट्टी हाती घेण्यात कमीपणा तो कसला? कंबर ९० सेंटिमीटरहून अधिक भरल्यास रक्तशर्करा व मेद तपासून घ्यावेत. छातीत दडपण आणि घाम असेल, तर चूर्णाची पुडी न बांधता रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे, असे आम्हांस वाटते.