प्राणहितेकाठची लक्ष्मीबाई

मैत्रिणींनो, कोकणातल्या बायकांना खाडी म्हटली की काठावरचा किल्ला आणि आरमाराच्या गोष्टी आठवतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही, पण प्राणहिता आहे. आपल्या इरईचं पाणी वर्धेला मिळतं. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होतात आणि तिथून पुढे नदीला प्राणहिता म्हणतात. सुमारे 113 किलोमीटर वाहून ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. एका काठावर आपला गडचिरोली जिल्हा, दुसऱ्या काठावर तेलंगण. उन्हाळ्यात नुसती वाळू दिसेल, पण पावसाळ्यात हीच नदी गावंच्या गावं तोडून ठेवते.

काठचं जंगल साग, ऐन, मोह आणि बांबूचं. उंच फांद्यांवर शेकरू दिसते, तोच आपला राज्यप्राणी बरं का! चपराळ्याला 1986 पासून अभयारण्य आहे. आलापल्लीजवळचा जुन्या झाडांचा एक तुकडा मुद्दाम न तोडता राखलेला आहे. त्याला 2014 साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

याच रानात 1858 साली लढाई झाली. मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबूराव पुल्लेसूर शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला. मार्चमध्ये त्यानं राजगड परगणा घेतला. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन फौज घेऊन मागे लागला, पण डोंगर आणि झाडी बंडवाल्यांच्या बाजूची. 29 एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. त्या काळी इंग्रजांचे निरोप तारेनंच धावत होते, हे लक्षात घेतलं म्हणजे तारेच्याच तळावर घाव का, ते कळतं.

आता गोष्टीत येते अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. क्रिक्टननं बाबूरावाला धरून देण्यासाठी तिच्यावर दबाव आणला. अखेर तिच्या माणसांनी त्याला पकडलं आणि 18 सप्टेंबरला इंग्रजांच्या हवाली केलं. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याला त्याला फाशी दिलं. वय अवघं 25. व्यंकटराव बस्तरकडे पळाला, पुढे तोही सापडला आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. जप्त गावांपैकी पुष्कळशी लक्ष्मीबाईला बक्षीस मिळाली.

मी अर्धवेळ शाळेत शिकवते. हा भाग सांगितला की मुली हमखास विचारतात, “बाई, झाशीची लक्ष्मीबाई लढली आणि आपली अशी कशी?” वर्षही एकच! झाशीची राणी त्याच 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ पडली.

अशा वेळी आपण आया काय करतो? “जाऊ दे, तुला नाही कळायचं,” म्हणून विषय मिटवतो. तसं करू नये. मुलांना सरळ सांगावं, की तिनं आपल्याच मुलखातल्या माणसाला परक्या सरकारच्या हाती दिलं आणि त्यापायी त्याचा जीव गेला. त्याबद्दल तिला गावं मिळाली, हेही लपवू नये. पण तिच्यापुढे कोणत्या वाटा होत्या, तेही सांगावं. सरकारच्या विरोधात गेलेल्या व्यंकटरावाची जमीनदारी गेलीच ना? राज्य राखायचं की बंडवाल्याला, असा पेच तिच्यापुढे होता, आणि तिनं राज्य राखलं. मुलांना एवढं कळलं, की पुढे कुणी दबाव आणला तर आपण काय राखायचं, याचा विचार ती आपणहून करतील. नुसत्या शूरवीरांच्या गोष्टींनी हे होत नाही. आणि चिंचगुंडीला मेलेले दोघे तारेच्या कामावरचे नोकरदार होते, तेही गाळू नये. लढाईत कुणाच्या तरी घरचं माणूस जातंच.

शक्य असेल तर हिवाळ्यात मुलांना घेऊन हा काठ दाखवून आणा. महाशिवरात्रीला चपराळ्याला यात्रा भरते, तेव्हा सोबतही मिळते. दशम्या, तिळाची चटणी आणि घरचं भरपूर पाणी बरोबर घ्या. वाळू कोरडी दिसली तरी मुलांना एकटं पाण्यात उतरू देऊ नका, मध्येच खोल डोह असतात. पावसाळ्यात मात्र अहेरीकडचा बेत नको, नाले भरले की रस्ते बंद होतात.

जाणं जमलं नाही तर भिंतीवरच्या नकाशात इरईपासून गोदावरीपर्यंत मुलांना बोट फिरवायला लावा आणि चिंचगुंडीपाशी थांबून ही गोष्ट सांगा.